आकाशगंगेच्या कडेवरचे लहानसे जग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वाचनाविषयी सुरू असलेल्या चर्चेत एका वाचकाने असे मत मांडले आहे की, अंतराळयाने, दूरचे ग्रह आणि तिथली साम्राज्ये यांच्या कादंबऱ्या म्हणजे निव्वळ करमणूक असून सीमाभागातील मराठी मुलांचा मोलाचा वेळ त्यांत जाऊ नये. पत्रलेखकाच्या कळकळीविषयी मला शंका नाही. परंतु ज्या एका कादंबरीने मला आधी वाचक आणि पुढे विज्ञानशिक्षिका केले, ती नेमकी याच जातीची असल्यामुळे तिच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

ती कादंबरी म्हणजे अमेरिकी विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’. असिमोव्ह यांना ती सुचली १९४१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दुसरे महायुद्ध भडकलेले असताना. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा इतिहासकार गिबनचा ग्रंथ त्यांनी वाचलेला होता, आणि तोच ऱ्हास संपूर्ण आकाशगंगेच्या पटावर मांडला तर काय होईल, या विचारातून १९४२ पासून एका अमेरिकी मासिकात कथा येऊ लागल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९५१ मध्ये निघाले आणि पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन भाग आले.

माझे बालपण बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत गेले. मुंबईला नोकरीत असलेल्या माझ्या मामांनी पहिला भाग तिथल्या फाउंटनच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आणला होता. मुखपृष्ठ निम्मे फाटलेले, आत कुणा अनोळखी माणसाने पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, आणि कागदाला जुन्या पुस्तकांचा तो विशिष्ट वास. मी तेव्हा मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत होते. वीरकरांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन, शेजारच्या घरातील मागाचा खडखडाट ऐकत, दिवसाला दोन पाने या गतीने मी ते पुस्तक वाचले. वडील रात्री जेवताना विचारत, “कुठवर पोचलं गे तुझं विमान?” मग वाचलेले त्यांना मराठीत सांगावे लागे. सकाळी शाळेच्या वाटेवर तीच गोष्ट मी माझ्या कन्नड मैत्रिणीला निम्म्या मराठीत आणि निम्म्या कन्नडमध्ये सांगत असे. अशी रोज दोनदा सांगावी लागल्यामुळेच ती मला खऱ्या अर्थाने कळली, असे आज वाटते. दुसऱ्या भागासाठी मात्र मामा पुन्हा गावी येईपर्यंत, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत, वाट पाहावी लागली.

गोष्टीची सुरुवात होते ती एका आडगावच्या हुशार मुलापासून. गाल डॉर्निक नावाचा हा तरुण गणितज्ञ साम्राज्याच्या राजधानीत, ट्रँटर ग्रहावर, प्रथमच पाऊल ठेवतो. चार हजार कोटी लोकांचा हा ग्रह सगळाच्या सगळा धातूच्या इमारतींनी झाकलेला आहे. गाल उंच मनोऱ्यावर जाऊन पाहतो, तर क्षितिजापर्यंत राखाडी धातूच पसरलेला, मातीचा किंवा हिरवाईचा कुठे मागमूस नाही. खानापूर किंवा चंदगडकडच्या खेड्यातून शिकण्यासाठी प्रथमच मुंबईला उतरलेल्या कोणत्याही मुलाने ही चार-पाच पाने वाचावीत. असिमोव्ह यांनी आपला प्रदेश पाहिला नव्हता, तरी त्या मुलाची छाती कशी दडपते, हे त्यांना ठाऊक होते.

गाल ज्यांना भेटायला आला आहे ते हरी सेल्डन यांनी गणिताच्या आधारे ताडले आहे की, बारा हजार वर्षे टिकलेले हे साम्राज्य कोसळणार आणि त्यामागोमाग तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार. पतन टाळता येणार नाही, परंतु ज्ञान जपून ठेवले तर तो अंधार एक हजार वर्षांवर आणता येईल. या बोलण्याबद्दल त्यांच्यावर खटला चालतो आणि त्यांच्या अनुयायांना आकाशगंगेच्या अगदी कडेवरच्या, धातूंचा तुटवडा असलेल्या टर्मिनस नावाच्या एका लहानशा ग्रहावर विश्वकोश लिहिण्यासाठी धाडले जाते. सबंध कादंबरीचे केंद्र आहे ते हे कडेवरचे, राजधानीच्या हिशेबात नगण्य असलेले ठिकाण. बेळगावच्या मुलीला ते परके वाटले नाही, यात नवल नाही. पुढे वाईसारख्या छोट्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश तयार होत असून त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, हे मला शाळेत कळले, तेव्हा मला प्रथम टर्मिनसच आठवले. त्याआधी डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड कसे पूर्ण केले, ते मी त्यानंतर हौसेने शोधून वाचले. अंतराळाच्या कादंबरीने मला मराठीपासून दूर नेले नाही, हे मला त्या पत्रलेखकांना विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे.

‘करमणूक’ या आक्षेपाविषयी एवढेच म्हणेन की, या कादंबरीत यानांची हातघाई शोधणाऱ्याची निराशाच होईल. सभोवतालची बलाढ्य राज्ये टर्मिनसवर डोळा ठेवून असतात, पण अणुऊर्जेचे ज्ञान फक्त टर्मिनसपाशी उरलेले असते. ते एकाच राज्याच्या हाती पडले तर बाकीच्यांचे काय होईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात जागवून नगराध्यक्ष सॅल्व्हर हार्डिन पहिले संकट गोळी न झाडता परतवून लावतो. त्यापुढचे पेच धर्माच्या आणि व्यापाराच्या बळावर सुटतात. चौदाव्या वर्षी राजकारणाचा आणि इतिहासाचा एवढा खोल विचार मला दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दिला नव्हता, आणि पाठ्यपुस्तकांनी तर नव्हताच नव्हता.

शिक्षिका झाल्यावर वायूंचा धडा शिकवताना मी सेल्डन यांना वर्गात आणत असे. वायूचा एक रेणू पुढच्या क्षणी कुठे जाईल हे सांगता येत नाही, मात्र कोट्यवधी रेणूंचा दाब आणि तापमान नियमाने सांगता येते. असिमोव्ह स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टरेट झालेले संशोधक, आणि त्यांनी हीच कल्पना माणसांना लावून ‘सायकोहिस्टरी’ हे काल्पनिक शास्त्र उभे केले. एका माणसाचे भविष्य त्यात सांगता येत नाही, प्रचंड समूहाचे येते, आणि तेही त्या समूहाला भाकीत ठाऊक नसेल तरच. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या मुलांचेही हात वर होत. एकटाच कुणी इतका विलक्षण निघाला की त्याने सगळे गणित उधळले, तर? दुसऱ्या भागात म्यूल नावाचे पात्र येते ते याच प्रश्नाचे उत्तर घेऊन. म्यूल कोण, हे मी येथे लिहीत नाही, कारण तो धक्का ज्याचा त्याने अनुभवावा.

या कादंबरीत उणिवा आहेत. पहिल्या भागात स्त्रिया जवळपास नाहीतच, आणि मुलगी म्हणून मला ते तेव्हाही खटकले होते. माणसे बोलतात फार आणि कित्येक प्रसंग पडद्याआड घडतात. परंतु तिसऱ्या भागात आर्काडी डॅरेल येते. ती चौदा वर्षांची आहे, आणि ती प्रथम भेटते तेव्हा बोललेले शब्द हस्ताक्षरात उतरवणाऱ्या यंत्रासमोर बसून सेल्डन यांच्या योजनेवरचा शाळेचा निबंध सांगत असते. तिसरा भाग हाती आला तेव्हा मीही तेवढीच होते, आणि दुसऱ्या दिवशी मलाही निबंध द्यायचा होता. तीच आर्काडी पुढे ट्रँटरला पोहोचते, तोवर साम्राज्य गेलेले असते. उरलेले लोक इमारतींचा धातू विकून त्याखालची माती मोकळी करीत असतात आणि त्या मातीत शेती करीत असतात. आमच्याकडे वडगाव-शहापूरच्या शिवारात भाताच्या काळ्या जमिनीवर एकामागून एक इमारती उभ्या राहताना मी पाहिल्या आहेत. तो उलटा प्रवास वाचताना आजही माझा गळा दाटून येतो.

१९६६ मध्ये या त्रयीला सर्वकालीन सर्वोत्तम मालिका म्हणून विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, परंतु माझे प्रेम पुरस्कारामुळे नाही. मराठीतही ही परंपरा दुबळी नाही. जवळच्या कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, आणि जगन्मान्य शास्त्रज्ञाला मराठीत गोष्ट लिहिणे कमीपणाचे वाटत नाही, हे आम्हा सर्वांना दाखवून दिले. गेल्या काही वर्षांत मी गावोगावच्या वाचनालयांत गेले, तेथे मात्र मुलांच्या कपाटात त्यांची एक-दोन पुस्तके असली तर असली, बाकी विज्ञानकथा शोधूनही सापडत नाहीत. १८४८ पासून ग्रंथालयाची परंपरा असलेल्या बेळगावच्या परिसरात हे चित्र बदलणे अवघड नसावे. आपल्या दैनिकाने पुरवणीतील एक कोपरा महिन्यातून एकदा तरी अशा पुस्तकांच्या ओळखीसाठी द्यावा, अशी माझी विनंती आहे.

गाल डॉर्निक ट्रँटरला पोहोचतो तो भाग मी मुलांना वाचून दाखवण्यासाठी मराठीत उतरवला आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणी तालुक्यातील एखाद्या वाचनालयाने रविवारी सकाळी मुले जमवली, तर मी स्वखर्चाने येऊन तो वाचून दाखवीन. इच्छुकांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका, वडगाव, बेळगाव