एक दिवसाच्या वारीसाठी दिवे घाटच कशाला?

संपादक महोदय,

आषाढी जवळ आली की ‘यंदा एक दिवस तरी वारीत चालायचे’ असे बेत ठरू लागतात. चांगलेच आहे. पण यातले बहुतेक जण नेमका पुणे–सासवड टप्पा धरतात, आणि माउलींच्या वाटेवरचा तोच सर्वांत लांब: सुमारे ३२ किलोमीटर. सकाळी भवानी पेठेतून निघायचे, सासवड यायला रात्र होते. हडपसरहून तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची वडकीकडे. दिवे घाटाचा चढ लागतो तो निम्मी वाट तुडवून झाल्यावर. रथाला तिथे जादा बैलजोड्या जुंपतात. नवख्या पायांना तशी सोय नाही. त्यात तिथी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी. वाटेवर साबुदाणा आणि तळलेले वेफर्स हात पुढे कराल तितके मिळतात, पण ते पोटभर खाऊन घाट चढवत नाही.

पायाला फोड येतात ते अंतराने कमी, ओल्या मोज्यांनी जास्त. घामाने किंवा पावसाने कातडी मऊ पडते, बुटाला घासते आणि वरचा पापुद्रा सुटतो. म्हणून पिशवीत मोज्यांचे दोन कोरडे जोड हवेत. दर विसाव्याला बूट काढून पाय वाळवावेत. टाचेला किंवा करंगळीला चुरचुरले की तिथेच बाजूला बसून चिकटपट्टी लावावी. ‘विसाव्याला बघू’ म्हणेपर्यंत फोडात पाणी भरलेले असते. वारीसाठी म्हणून नवे बूट घेणे ही सर्रास होणारी चूक. दिवसभराच्या चालीने पाऊल सुजते, त्यामुळे बोटांपुढे थोडी जागा असलेले, वापरून मऊ झालेले बूटच बरे. जीन्स तर नकोच; भिजली की जड होते आणि मांड्या सोलते.

क्षारांच्या (ओआरएस) पुडीबाबतही घोळ होतो. एक लिटरची अख्खी पुडी छोट्या बाटलीत ओतून लोक घटाघटा पितात. तसे द्रावण फार खारट होते, उलटी-जुलाब होऊ शकतात. पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे आणि घोट घोट प्यावे. स्वच्छतागृहाच्या धास्तीने अनेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत आणि चढावर त्यांना भोवळ येते. फिरती स्वच्छतागृहे विसाव्याजवळ असतात. त्या बेताने प्यावे, पण प्यावे. मधुमेहींनी उपास आणि एवढी चाल एकत्र करण्याआधी डॉक्टरांना गोळ्या-इन्सुलिनचे विचारून घ्यावे, साखर खिशात ठेवावी आणि अनवाणी चालू नये.

दिंडीची शिस्तही समजून घ्यायला हवी. पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळशीवाल्या माउली या ओळी ठरलेल्या असतात. फोटोसाठी मध्येच थांबले की मागची पूर्ण ओळ अडखळते. थांबायचे तर कडेला जावे, ओळ तोडून रस्ता ओलांडू नये. गर्दीत फोन लागेलच असे नाही, तेव्हा चुकामूक झाल्यास भेटायची जागा निघण्याआधीच ठरवावी.

परतीचा विचार तर कोणी करतच नाही. त्या दिवशी घाटातली वाहतूक बंद असते, गाड्या दुसऱ्या रस्त्यांनी वळवतात. रात्री सासवडात ठणकत्या पायांनी वाहन शोधण्यापेक्षा पोलिसांनी जाहीर केलेले बदल आदल्या दिवशी वाचलेले बरे.

खरे तर पहिल्यांदा चालणाऱ्याने सासवड–जेजुरी हा सुमारे १६ किलोमीटरचा टप्पा घ्यावा. तेही जास्त वाटले तर लोणंद–तरडगाव आहेच: जेमतेम ८ किलोमीटर, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन सरळ रांगांमधून अश्वांची दौड. लोणंदहून पालखी दुपारी निघते, पुणे–मिरज रेल्वेमार्गावरचे स्टेशन गावातच आहे. सकाळी निघूनही गाठता येते.

– एक वाचक, पुणे