जुन्या रुळांच्या वाटेवरून

लोम्बार्ड, इलिनॉय
जुलै, रविवार संध्याकाळ

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू रागावलीस, एवढ्या उन्हात सायकली काढायला कुणी सांगितलं होतं म्हणून. कुणीच नाही. पाचही जणींना जमणारा हा एकच शनिवार होता. खिशात कांदा होता आणि हेल्मेटच्या आत दुपट्टा बांधला होता, हे आधी सांगते.

काल इथे ३५ अंश होतं. दारव्ह्याचा मे महिना काढलेल्या माणसाला त्याचं काय, असं पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. पण आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, इथे तो अंगावरच राहतो. पश्चिमेला मैलोन्‌मैल मका उभा आहे, आणि बाबा, जुलैत तो पानांवाटे इतकं पाणी हवेत सोडतो की सकाळी सहालाच चष्म्यावर वाफ धरते. १९९५ च्या जुलैत अशाच उकाड्यात शिकागोत पाचेक दिवसांत सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार होती. म्हणून आमचा नियम कडक आहे. सगळ्यांत हळू चालवणारीने पुढे राहायचं, दमदार असेल तिने शेवटी. अर्ध्या तासाने थांबायचं आणि तहान असो-नसो, प्रत्येकीने पाणी प्यायचं.

व्हीटनहून साडेसहाला निघालो. ग्लेन एलिन, लोम्बार्ड, व्हिला पार्क, मग एल्महर्स्ट, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. ही सगळी शिकागोची उपनगरं, पण वाट घरांच्या मागून जाते, दोन्ही बाजूंनी झाडं. खाली डांबर नाही, चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली आहे. घामावर तिची पूड बसते आणि पिंढऱ्या गिरणीत काम केल्यासारख्या पांढऱ्या होतात. चढ असा नाहीच, कारण ही मुळात रेल्वेची वाट. एल्महर्स्टला इथल्या मूळच्या गवताची एक पट्टी राखली आहे. तिथे सूर्यफुलाच्या कुळातलं एक उंच झाड असतं. त्याची पानं कड उत्तर-दक्षिण करून उभी राहतात, म्हणजे दुपारचं ऊन पानाच्या धारेवर पडतं, पसरट अंगावर पडत नाही. मी हात लावून पाहिला. भर उन्हात पान गार होतं.

परतताना व्हिला पार्कजवळ माझ्या ऑफिसातली मैत्रीण बोलेनाशी झाली. एरवी ती गप्प बसणारी नाही. हँडलवरच्या तिच्या हातांवर मला काटा आलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, थंडी वाजतेय. त्या उन्हात थंडी! मी सगळ्यांना थांबवलं. जुन्या स्टेशनच्या सावलीत तिला आडवं केलं, पाय सायकलच्या पिशवीवर ठेवले, दुपट्टा बर्फाच्या पाण्यात भिजवून मानेवर आणि काखेत दिला. तुझं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बाटलीत होतंच, ते घोट घोट पाजलं. वीसेक मिनिटांनी तिच्या ओठांना रंग आला. पण तिला परत सायकलवर बसू दिलं नाही, नवरा गाडी घेऊन आला. आता बरी आहे, आज सकाळी बोलणं झालं.

बाबा, खरं तर हे पत्र त्या अर्ध्या तासासाठी लिहिते आहे. आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका आहे, इथलीच, सत्तरी ओलांडलेली. तिने सांगितलं, तिचे वडील याच वाटेवरच्या विजेच्या गाडीने शिकागोला कामाला जायचे. शहरात मोठा रस्ता बांधायला घेतला, गाडीची थेट शहरात जायची वाट तुटली, प्रवासी घटले. आणि १९५७ च्या ३ जुलैला भर दुपारी कंपनीने प्रवासी गाड्या बंद केल्या. सकाळी गाडीने गेलेल्या माणसांना संध्याकाळी परतायला गाडीच नव्हती. ती तेव्हा पाच वर्षांची. वडील रात्री किती उशिरा आले ते तिला अजून आठवतं. पुढे १९६३ मध्ये मे वॉट्स नावाच्या निसर्ग-अभ्यासक बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की ही जमीन चालणाऱ्यांना द्या. एका पत्रावरून माणसं जमली आणि ही वाट झाली.

मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे आपली शकुंतला होती, दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची, आता बंद पडलेली गाडी. तुम्ही कॉलेजला यवतमाळला तिनेच जायचात, गाडी चढावर आली की उतरून बरोबर चालायचात. मला गाडीच हवी आहे, तुमच्याइतकीच, आणि ब्रॉडगेज होऊन धावलेली पाहायची आहे. पण नुसती काटेरी बाभूळ माजलेली ती वाट आठवली की पोटात तुटतं.

एकदा सकाळी ऊन व्हायच्या आत स्टेशनकडे जाल का? रूळ कुठवर दिसतात ते बघा आणि फलाटावरून एक फोटो पाठवा. मैत्रिणीला दाखवायचा आहे, तिनेच मागितला.

आई, पन्ह्यात गूळ कैरीच्या गराच्या दुप्पट घेतेस ना? पुढच्या वेळी बाटलीत तेच नेणार आहे.

तुमची,
धाकटी