बानूबाईंविषयी थोडं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या ट्रस्टच्या दवाखान्याचा कारभार तू हाती घेतलास, हे वाचून फार आनंद झाला. खाटा कमी पडतात, डॉक्टर टिकत नाहीत, बिलं थकतात, असं तू लिहिलं आहेस. ते वाचताना मला राहून राहून पुण्याचं के.ई.एम. रुग्णालय चालवणाऱ्या डॉ. बानू कोयाजींची आठवण येत होती, म्हणून तुला हे सविस्तर लिहितोय.

त्यांचा जन्म १९१७ चा, पारशी घरातला. पुण्यातले नावाजलेले डॉक्टर एदलजी कोयाजी त्यांचे गुरू, आणि पुढे थोरले दीरही झाले. नवरा इंजिनिअर होता, मुलगा एकच. १९४४ मध्ये एदलजींच्याच सांगण्यावरून त्या पुण्यात रास्ता पेठेतल्या के.ई.एम.मध्ये, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात, रुजू झाल्या. तेव्हा ते जेमतेम चाळीस खाटांचं, मुख्यतः बाळंतपणाचं रुग्णालय होतं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी तिथे काढली, आणि त्यांच्या हाताखाली ते पाचशेवर खाटांचं झालं. माझ्या आत्याचं पहिलं बाळंतपण तिथलंच. घरात बानूबाईंचं नाव निघालं की आत्या आजही हात जोडते.

पण मला त्यांचं मोठेपण त्या पाचशे खाटांत दिसत नाही. घरातली कर्ती बाई पंगतीत कोण बसलंय यापेक्षा कोण अजून जेवायचं राहिलंय ते आधी बघते. बानूबाईंनी इस्पितळ तसं चालवलं. दारात येणाऱ्या बायका इतक्या उशिरा, इतक्या अशक्त होऊन का येतात, आणि ज्या येतच नाहीत त्यांचं काय होतं, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा. त्याच्या आधीपासून त्या बायकांशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलत होत्या. त्या काळी चारचौघांत हा विषय काढायचा म्हणजे काय, तूच विचार कर.

१९७२ म्हणजे दुष्काळाचं साल. त्या सुमाराला त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूचं काम हाती घेतलं. तिथे दवाखाना होता, पण दवाखाना असला म्हणून माणसं येतात असं नाही. रोजगार बुडवून, लेकरू कडेवर घेऊन, एस.टी.ची वाट बघत कोण येणार? मग १९७७ पासून गावातलीच माणसं निवडून त्यांना आरोग्यसेवक म्हणून तयार करायला सुरुवात झाली.

या कामात खर्च किती थोडा आणि फरक किती मोठा, ते बघ. खेड्यात नाळ विळ्यानं नाहीतर जुन्या ब्लेडनं कापायची, वर राख लावायची. आठवडाभरात बाळाची दातखीळ बसायची, दूध ओढता येईना, अंग ताठ व्हायचं, आणि धनुर्वातानं ते जायचं. त्यावर उपाय म्हणजे गरोदरपणात आईला धनुर्वाताची इंजेक्शनं, एक कोरं ब्लेड, उकळलेला दोरा आणि साबणानं धुतलेले हात. गरोदर बाईची खालची पापणी ओढून बघायची, आतून पांढरी दिसली तर लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या. जुलाब लागलेल्या पोराला साखर-मीठ-पाणी पाजायचं. हे सांगायला शेजारची ओळखीची बाई लागते, पुण्याचा डॉक्टर नव्हे. पुढे बानूबाईंनी खेड्यातल्या मुलींसाठीही काम उभं केलं, कारण कोवळ्या वयात लग्न झालेली पोर बाळंतपणाला येते तेव्हा निम्मी लढाई आधीच हरलेली असते.

१९८९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९९३ मध्ये मॅगसेसे. २००४ च्या जुलैत त्या गेल्या.

म्हणून म्हणतो, तुझ्या खाटांची फाइल चार दिवस बाजूला ठेव. गेल्या वर्षीचं बाळंतपणाचं रजिस्टर काढ आणि कोणत्या गावातून एकही बाई आलेली नाही ते शोध. ट्रस्टींच्या पुढल्या बैठकीत खर्चाच्या तक्त्याआधी त्या गावांची यादी मांड. कुरकुर होईल, होऊ दे. गावोगावच्या आशा सेविकांना बोलावून चहा पाज आणि त्यांचं ऐकून घे. त्या गावांत नेमकं काय अडतंय हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

दिवाळीआधी सवड काढून पुण्याला ये, आपण वढूला जाऊन येऊ. वहिनींना नमस्कार सांग, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच