‘सी’ तुडुंब, ‘डी’ रिकामा

महोदय,

‘संगणक भरला? जुने फोटो उडवा’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला आणि राहवलं नाही. महिन्यापूर्वी मी नेमकं हेच करून बसले.

माझ्या संगणकाची डिस्क २५६ जीबीची. विंडोज ती २३८ दाखवते, कारण विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या. ते असो. आला तेव्हाच तिचे दोन भाग पाडलेले होते: ‘सी’ १०० जीबी, उरलेला जवळपास सगळा ‘डी’. प्रोग्रॅम, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो असं सगळं आपसूक ‘सी’त जाऊन पडतं, ‘डी’कडे चार वर्षांत मी फिरकलेही नव्हते. ‘सी’ची पट्टी लाल झाली तशी घाबरून फोटो पुसायला बसले. चार जीबी पुसले, पट्टी ढिम्म. पुसलेलं सगळं रीसायकल बिनमध्ये, आणि ते बिन त्याच ‘सी’वर! ग्रंथालयातून बाद केलेली पुस्तकं त्याच खोलीच्या कोपऱ्यात रचून ठेवावीत, तसं. दुसऱ्या दिवशी चिडून आणखी एक फोल्डर शिफ्ट दाबून कायमचा पुसला.

मग नातीने सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ उघडून दाखवलं. काय काय किती जागा खातंय ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. नुकतंच विंडोज अपग्रेड झालं होतं. जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाने २० जीबी अडवून बसलेलं. एरवी ते दहा दिवसांनी आपोआप जातं, पण मला दम नव्हता. ‘डिस्क क्लीनअप’मधल्या ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’मधून काढलं. ते गेलं की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही, एवढं लक्षात ठेवावं. हायबरनेशनची, म्हणजे संगणक बंद करताना उघडं काम डिस्कवर जपून ठेवण्याच्या सोयीची, लपलेली फाइल आणखी सहा जीबींची. मी हायबरनेट कधीच करत नाही, म्हणून नातीने कमांड देऊन ते बंद केलं. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. संगणक सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

‘विनएसएक्सएस’ या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या अगडबंब फोल्डरवरही माझा हात गेला होता, नातीने वेळीच धरला. त्याला हाताने कधी शिवू नये. त्याच फाइली दोन-दोन ठिकाणी मोजल्या जात असल्याने तो दिसतो तेवढा मोठा नसतोही.

‘डी’तली जागा ‘सी’ला द्यावी म्हटलं, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा भाग वाढवण्याचा पर्याय पुसट, निवडताच येईना! ‘डी’ आकसला की मोकळी जागा त्याच्या शेपटाकडे निघते आणि ‘सी’ला तर लगतचीच लागते. मधला ‘डी’ रिकामा करून काढून टाकल्याशिवाय विंडोजच्या या पर्यायाने ते होत नाही. शेवटी डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ बदलून ते तिन्ही ‘डी’वर नेले. पाच मिनिटांचं काम. हे फोल्डर संगणक विकतानाच ‘डी’वर का ठेवून देत नाहीत? नाहीतर एकच मोठा भाग तरी ठेवावा.

आपल्या लेखकाने पुढच्या वेळी फोटोंच्या आधी ‘स्टोरेज’चं पान उघडायला सांगावं. पहिल्या दिवशीचे फोटो बिनमधून परत मिळाले. शिफ्ट दाबून पुसलेल्या फोल्डरमध्ये माझ्या निवृत्तीच्या दिवसाचे होते. माझी डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी; तिच्यावरून असं गेलेलं परत मिळणं जवळपास अशक्य, असं तिघांनी सांगितलं. चौथ्याला विचारलं नाही.

— एक निवृत्त ग्रंथपाल