सीए-१२५ सरसकट सुचवू नका

महोदय,

आपल्या महिला दिनाच्या पुरवणीत चाळिशीनंतर दरवर्षी करायच्या तपासण्यांची यादी आहे. तीत ‘सीए-१२५ : अंडाशयाच्या कर्करोगाचे लवकर निदान’ असे या रक्ततपासणीबद्दल ठळक छापले आहे. मी सायटॉलॉजी म्हणजे पेशी तपासण्याच्या विभागातून निवृत्त झालेली लॅब टेक्निशियन. जलोदराच्या, म्हणजे पोटात साठलेल्या पाण्याच्या स्लाइड रंगवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून राहवत नाही.

हा कर्करोग रक्तातून फिरण्याआधी बहुधा पोटातल्या पाण्यातूनच पसरतो. गाठीवरून पेशी सुटतात. आधार सुटलेली एकटी पेशी सहसा मरते, पण या एकमेकींना घट्ट धरून गोळे करतात आणि तगतात. मायक्रोस्कोपखाली हे गोळे मी वर्षानुवर्षे पाहिले. श्वासाबरोबर पोटातले पाणी हलते आणि त्यांना थेट श्वासपटलापर्यंत नेते. त्यांची आवडती जागा म्हणजे आतड्यांपुढचा चरबीचा पडदा, ओमेंटम. तिथल्या चरबीपेशी आयएल-८ सारखी रसायने सोडून कर्करोगाच्या पेशींना ओढतात, वर आपली चरबी त्यांना इंधन म्हणून पुरवतात, हे शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले.

सीए-१२५ हा या पेशींवरच्या एमयूसी१६ नावाच्या मोठ्या प्रथिनाचा भाग. पोटाच्या अस्तरावर मेसोथेलिन नावाचे प्रथिन असते, त्याला तो चिकटतो आणि पेशीला तिथे बस्तान बसवता येते. पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत रक्तातला हा आकडा वाढलेलाच नसतो. उलट पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो. क्षयरोगाच्या तरुण मुलींच्या घरी या एका रिपोर्टवरून रडारड झालेली मी पाहिली आहे. ब्रिटनमध्ये पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. दरवर्षी सीए-१२५ तपासूनही या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम पाहायला हीच तपासणी फार उपयोगी आहे, हेही खरे.

आमच्याकडे पाण्याची बाटली यायची, तेव्हा सोबतच्या नातेवाइकांकडून एकच हकिगत ऐकू यायची: पोट फुगत होते, गॅस समजून ओवा आणि पित्ताच्या गोळ्या चालल्या होत्या. तोवर रोग पोटभर झालेला असे. त्या बायकांना कोणी वेळीच सोनोग्राफी सुचवली नाही, याची मला आजही चीड येते.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापा. नव्याने सुरू झालेली आणि जवळजवळ रोज जाणवणारी पोटफुगी, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवी, असे काही दोन-तीन आठवडे टिकले, तर विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रीने स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते न विचारताही डॉक्टरांना सांगावे आणि घराण्यात हा धोका उतरतो का हे पाहणाऱ्या बीआरसीए जनुकांच्या तपासणीबद्दल विचारावे. एवढा मजकूर त्याच पुरवणीत, त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत यावा.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली