चार इंचांची पट्टी

ऑक्सफर्ड, रविवार

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

तिकडे जुन्या गाड्या दिसतात का, असं तू विचारलं होतंस. परवा एकीचं बॉनेट उघडून तासभर बघायला मिळालं आणि तुझी फार आठवण आली. शेजारच्या आजोबांची मॉरिस मायनर, 1949 ची, इथल्याच काउलीच्या कारखान्यातली.

बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी आहे. मला वाटलं, शोभेची असेल. आजोबांनी सांगितलं ते ऐक. ॲलेक इसिगोनिसने गाडी तयार केली, कारखान्यात पुढची जुळवाजुळवही सुरू झाली, पण त्याला ती अरुंद वाटत राहिली. शेवटी त्याने नमुन्याची गाडी उभी चिरायला लावली. दोन्ही अर्धे थोडे थोडे बाजूला सरकवत गेला आणि चार इंचांची फट पडल्यावर त्याचं समाधान झालं. तेवढी भर सगळीकडे घातली. बंपर तर आधीच बनून आले होते, तेही मधे कापून तुकडा जोडला. या गाडीवर तो तुकडा अजून आहे. मी सांध्यावरून नख फिरवलं तर अडलं.

होत आलेलं काम डोळ्याला पटत नाही म्हणून चिरायचं! केवढी छाती लागते रे! मालक लॉर्ड नफील्ड तर या गाडीला पोच्ड एग, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं, म्हणून हिणवायचे. पण 1960 च्या डिसेंबरात दहा लाखावी मायनर बाहेर पडली. तोवर कुठल्याच ब्रिटिश गाडीने तो आकडा गाठला नव्हता.

इंजिन मात्र कंपनीच्या जुन्या मॉरिस एट गाडीचंच, 918 सीसी. इसिगोनिसला समोरासमोर आडव्या सिलिंडरांचं हवं होतं, ते काही झालं नाही. पण त्याच्यासाठी धरलेली रुंद जागा तशीच राहिली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाना घेऊन आरामात हात जातो. तू खूश झाला असतास. खाली वाकलो तर पुढे स्प्रिंगचं काम करणारे पिळदार दांडे, म्हणजे टॉर्शन बार, आणि दातेरी पट्टी-चक्राचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, थेट तुझ्या ॲम्बेसेडरसारखं! ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, ती याच घरातली ना.

मग आजोबांनी एक चक्कर मारून आणली. वळताना इंडिकेटर म्हणून दाराच्या मागच्या खांबातून बोटभर रुंदीचा पिवळा हात टक्कन वर येतो, आत दिवा लागलेला. मी चार वेळा वर करायला लावला.

चढावर इंजिनातलं टॅपेट, व्हॉल्व्ह ढकलणारं, वाजतंय असं वाटलं. आवाज रेकॉर्ड करून पाठवतोय, नीट ऐकून सांग. आजोबा वाट बघतायत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिन्या