दोनशे डबे मागवण्याआधी

वेंगुर्ले
श्रावणी सोमवार

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास, म्हणून हे लिहून पाठवते. ऑफिसच्या दिवाळीसाठी दोनशे डबे काजू घ्यायचे, इकडच्याच एका कारखान्याचा भाव सगळ्यांत कमी आणि माल एक नंबर, असं तू सांगितलंस. तिथे बायकांना कसं वागवतात ते विचारलंस का, म्हटलं, तर म्हणालास, "आई, मला काजू घ्यायचेत. आत काय चालतं ते त्यांचं ते बघतील." रात्री मला झोप लागली नाही रे.

मी अकरा वर्षं बी फोडली. तुला माझे काळे हात तेवढे आठवत असतील. वाफवलेली बी पात्यात धरायची, पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा आणि टरफल उकललं की गर न मोडता सोडवायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावायची, खोबरेल चोळायचं, तरी बोटांची सालं निघायचीच. जेवताना आमटीतलं मीठ झोंबायचं. हातमोजे मागितले तर म्हणाले, मोज्यांनी गर तुटतो. मजुरी अख्ख्या गराच्या किलोवर. पाकळी झाली, तुकडा झाला की पैसे कमी. संध्याकाळी वजन व्हायचं तेव्हा काट्याचं तोंड मुकादमाकडे. आकडा तो सांगेल तो.

आणि माल? आमचा २१० नंबरचा गर बघायला हवा होतास. पौंडाला २०० ते २१० दाणे, टपोरे, पांढरेशुभ्र, कुठे डाग नाही. कामगाराला फसवणारा मालक आज ना उद्या गिऱ्हाइकालाही फसवतो, असं लोक म्हणतात. तसं सांगून तुला पटवणं मला सोपं गेलं असतं. पण मी तसं पाहिलेलं नाही. त्या माणसाने अकरा वर्षांत गिऱ्हाइकाला एक खवट दाणा दिला नाही.

तू बारावी झालास तेव्हा माझ्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या, हे तुला ठाऊक आहे. का पडल्या, ते मी कधी बोलले नाही. दर महिन्याला माझ्या मजुरीतून फंड कापला जायचा. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की पीएफचा कायदा लागतो, कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे तेवढेच. त्या पैशातून तुझ्या डिप्लोमाची फी भरायची असं मी धरून चालले होते. काम सोडल्यावर चौकशी केली, तर माझ्या नावाचं खातंच नव्हतं.

एकदा मुंबईचा व्यापारी आला होता. आम्ही चाळीस जणी कामावर होतो. आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं, त्याने काही विचारलं तर सगळ्यांत वयस्क काकीने बोलायचं. तो आमच्या ओळीतून फिरला, गर उजेडात धरला, एक चावून बघितला, "वा" म्हणाला. मालक त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. आमच्यापुढे, सरकारी माणसापुढे कधी न वाकलेला माणूस. काकी उभी राहिली होती. व्यापाऱ्याने काही विचारलंच नाही. तो गाडीत बसून गेला आणि काकी परत पाटावर बसली.

ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, तेव्हा टीव्हीपुढे बसून मला तीच काकी आठवली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालची बँक बंद ठेवली, दुकानं बंद ठेवली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. अकराशेहून जास्त माणसं मेली. त्यांनी शिवलेल्या कपड्यांच्या शिवणीत काही खोट नव्हती. त्यानंतर जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे मोठ्या परदेशी कंपन्यांनी कारखान्यांच्या इमारती तपासून घेण्याच्या करारावर सह्या केल्या. तोपर्यंत त्यांचंही तुझ्यासारखंच, आतलं ते आत.

मी तुला दुसरीकडून घे म्हणत नाही. न बोलता ऑर्डर वळवलीस तर मालकाला वाटेल, भाव आणखी पाडायला हवा होता. मग तो पुन्हा मजुरीतच हात घालेल. ऑर्डर देण्याआधी विचार: अख्ख्या गराला किलोमागे काय देता, काटा बायकांना दिसतो का, मोजे किंवा तेल कोण देतं, फंड भरल्याची चलनं दाखवाल का. आता बायकांना आपलं पासबुक फोनवर बघता येतं, पण मालकाने खातंच उघडलं नसेल तर काय बघणार? मोकळेपणी सांगितलं, मग भाव थोडा चढा निघाला, तर तो दे. उडवाउडवी केली तर कारण तोंडावर सांगून दुसरीकडे जा.

आपल्या वाडीतल्या दोघी त्याच कारखान्यात जातात. त्यांना मी मुद्दाम काही विचारलं नाही. त्या बोलल्या आणि वर कळलं, तर उद्यापासून घरी. तू विचारलंस तर कुणाचं नाव पुढे येत नाही, दोनशे डब्यांचं गिऱ्हाईक विचारतंय एवढंच.

त्यांनी काय उत्तर दिलं ते मला फोन करून सांग. संध्याकाळी सातनंतर कर, तोपर्यंत मी दिवाबत्ती आटोपते.

तुझी,
आई